सुझोऊचं पाणी आणि त्रेपन्न कमानींचा पूल

शांघायच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, च्यांगसू प्रांतात सुझोऊ आहे. जमीन पाटासारखी सपाट. उत्तरेला यांगत्से, पश्चिमेला ताई सरोवर: पसारा सुमारे २,४०० चौरस किलोमीटर, सरासरी खोली जेमतेम दोन मीटर. इ. स. पू. ५१४ मध्ये वू राज्याचा राजा हलू याच्यासाठी त्याचा मंत्री वू झशू याने इथे राजधानी आखली. तटाला आठ वेशी रस्त्यासाठी आणि आठ पाण्यासाठी होत्या, असं परंपरा सांगते. दोन्ही दारं शेजारीशेजार पाहायची तर नैऋत्येच्या पानमन वेशीत जावं. तिचं आजचं बांधकाम १३५१ चं. पाण्याच्या दारात वर ओढता येणाऱ्या दोन झडपा होत्या. शत्रू आला की त्या पाडायच्या, पूर चढला तरी पाडायच्या.

आत रस्ता आणि कालवा एकमेकांना धरून चालतात. घराचं पुढचं दार रस्त्यावर, मागचं कालव्यावर. मागच्या दगडी पायऱ्यांवर धुणं व्हायचं, होडीतून भाजी, तांदूळ, सरपण उतरायचं. १२२९ मध्ये शहराचा नकाशा शिळेवर कोरला गेला, त्यात तीनशेहून जास्त पूल आहेत. जुन्या शहराची मुख्य आखणी त्या शिळेशी आजही जुळते, आणि सुझोऊचं खरं वैभव माझ्या मते हेच. जगप्रसिद्ध बागांचा क्रम त्यानंतरचा.

सपाटीचा तोटाही आहे. उतार नसल्यामुळे पाणी संथ, म्हणून गाळ बसतो. तो उपसावाच लागे, आणि या भागातले शेतकरी तो खत म्हणून शेतात टाकत. विसाव्या शतकात मात्र शहरातले बरेच कालवे बुजवले गेले.

सुई घराण्याचा सम्राट यांग याने ६१० मध्ये महाकालव्याचा, म्हणजे उत्तर आणि दक्षिण चीन जोडणाऱ्या जलमार्गाचा, दक्षिण भाग हांगझोऊपर्यंत नेला आणि सुझोऊ धान्य-रेशमाच्या वाटेवर आलं. भरलेल्या होड्या माणसं काठावरून दोराने ओढत. शहराच्या आग्नेयेला सरोवराचं पाणी कालव्याला मिळतं, तिथे काठ खंडित होऊन ओढणाऱ्यांची वाट तुटत होती. म्हणून ८१६ मध्ये बाओदाई पुलाचं काम सुरू झालं. बाओदाई म्हणजे मौल्यवान कमरपट्टा; तिथल्या अधिकाऱ्याने खर्चासाठी आपला पट्टा दिला, अशी आख्यायिका आहे. लांबी सुमारे ३१७ मीटर, कमानी ५३. ओढणाऱ्यांना चढ नको म्हणून माथा जवळजवळ सपाट ठेवला. फक्त तीन कमानी उंच केल्या, मोठ्या होड्यांसाठी.

खांब मुद्दाम बारीक आहेत, म्हणजे पाणी अडत नाही. पण बारीक खांब एका बाजूचा रेटा सोसू शकत नाही. दोन्हीकडच्या कमानी एकमेकींना तोलतात म्हणूनच तो उभा राहतो. १८६३ मध्ये चिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या वेळी, राजवटीच्या बाजूने लढणाऱ्या चार्ल्स गॉर्डन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सैन्याने आगबोट नेण्यासाठी एक कमान काढली, आणि लागोपाठ २६ कमानी कोसळल्या. मध्यावर एक जाड खांब आहे, तो नेमका अशी पडझड अडवण्यासाठीच. १८७२ मध्ये पूल पुन्हा बांधला, कमानी तेवढ्याच ठेवून.