क्रॅश गार्ड (मोटारसायकलचा)

क्रॅश गार्ड : मोटारसायकल आडवी पडली तर इंजिन, टाकी, रेडिएटर आणि पायाकडची पेडले जमिनीवर आपटू नयेत म्हणून सांगाड्याला दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेली नळ्यांची चौकट. लेग गार्ड, इंजिन गार्ड, क्रॅश बार ही नावे दुकानात एकमेकांच्या जागी सर्रास चालतात. निवड करताना एक गोष्ट पक्की धरावी : गार्ड गाडी वाचवायला लावायचा असतो. पाय वाचला तर तो वरकड लाभ. त्याच आशेने गार्ड घेणारा बहुधा नको तेवढा जाड आणि रुंद गार्ड घेऊन येतो.

याला जुना पुरावा आहे. हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात क्रॅश बारबद्दलचा निष्कर्ष असा होता, की घोटा आणि पावलाच्या दुखापती कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या दुखापती वाढून ती बचत फिटून जाते. वेगात टक्कर झाली की स्वार पुढे फेकला जातो, पाय फूटरेस्टवर राहत नाही, आणि पुढ्यातली नळीच त्याला अडते. अभ्यास अमेरिकेतला आणि त्या काळच्या गाड्यांवरचा आहे हे खरे. पण टकरीत माणूस पुढे फेकला जाणे काही देशाप्रमाणे बदलत नाही.

ढोबळ हिशेबही तेच सांगतो. 200 किलोची उभी गाडी कलंडते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य साधारण पाव मीटर खाली येतो, म्हणजे गार्डला सुमारे 500 जूल ऊर्जा झेलावी लागते. हीच गाडी 70 किलोच्या स्वारासह ताशी 40 किलोमीटरने जात असेल तर तिच्यातली गतिज ऊर्जा साडेसोळा हजार जूलच्या पुढे जाते, तीस पटींहून जास्त. पहिले काम इंचभर नळी करू शकते. दुसरे काम ती करील असे सांगणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा धूर्त.

गोव्यातील पडझड : गोव्यात दुचाकी हे घराघरातले वाहन आहे, आणि इथल्या पडण्याच्या तऱ्हा बऱ्याचशा गार्डच्या आवाक्यातल्या आहेत. किनाऱ्यालगत शॅकपाशी उभ्या केलेल्या गाडीचा साइड स्टँड वाळूत रुततो आणि गाडी शांतपणे आडवी होते. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून निसरडा थर बसतो; सत्तरी, डिचोली, सांगे या खाणपट्ट्यात त्यात ट्रकांच्या चाकांनी आणलेल्या तांबड्या चिखलाची भर पडते. गावातल्या काँक्रीटच्या चढणींवर श्रावणापर्यंत शेवाळ धरते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधांवरून जाणारे रस्ते इतके अरुंद, की समोरून रिक्षा आली तरी कडेच्या मऊ मातीत चाक घालावे लागते. यातले बरेचसे अपघात सावकाश वेगाचे, कधी कधी शून्य वेगाचे. चोर्ला, अनमोड किंवा काणकोणकडच्या करमळ घाटातली घसरगुंडी मात्र वेगळी. तिथे गाडी आडवी होऊन बरेच अंतर फरफटत जाते, आणि नळीच्या जाडीपेक्षा तिचा आकार महत्त्वाचा ठरतो. टोकदार कोपरा डांबरात रुतला तर घसरणारी गाडी उलटते. गोल कमान आणि तिच्यावर बसवलेला नायलॉनचा गोळा घासत जातो.

प्रकार : स्प्लेंडर, शाइन अशा रोजच्या गाड्यांना सांगाड्याच्या पुढच्या नळीवर पट्ट्यांनी आवळलेली एका कमानीची चौकट पुरते. बुलेट, क्लासिक यांचा रुंद, चकचकीत लेग गार्ड याचाच थोरला भाऊ. दूरच्या प्रवासाच्या गाड्यांना खालचा आणि वरचा असे दोन भाग लागतात. खालचा भाग क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव कवचाला, आणि वरचा टाकी व रेडिएटरला राखतो. रॉयल एनफील्डची हिमालयन 411 हवेवर थंड होणारी होती, तिला खालच्या भागावर भागत असे. 2023 मध्ये आलेल्या हिमालयन 450 ला रेडिएटर आहे, आणि रेडिएटरला भोक पडले की घाटात गाडी तिथेच थांबते, म्हणून तिथे वरचा भाग चैन म्हणता येत नाही. रेसिंगच्या धाटणीच्या गाड्यांवर चौकटीऐवजी नायलॉनचे फ्रेम स्लायडर, म्हणजे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी लावलेले गोळे, बसवतात. ते घसरण्यासाठी उत्तम असतात. पण वाळूत वा मऊ मातीत रुतून निकामी होतात, तेव्हा गोव्यातल्या वापराला ते तितकेसे जमत नाहीत. स्कूटरला चहूबाजूंनी वेढणारी जी चौकट मिळते ती मुख्यतः रंग वाचवते. गार्ड आणि इंजिनाखालची बॅश प्लेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालून येणाऱ्या दगडाला गार्ड काही करू शकत नाही. मागच्या चाकाजवळची साडी गार्ड तर वेगळ्याच कारणासाठी असते. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 निम्मे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे करतो. क्रॅश गार्डची अशी सक्ती त्या नियमात नाही.

नळी आणि जोड : दुकानात गार्डचे वजन हातात तोलून निवड करण्याची पद्धत आहे. ती फसवी आहे. वाकण्याचा प्रतिकार भिंतीच्या जाडीपेक्षा व्यासाने झपाट्याने वाढतो. 22 मिमी व्यासाच्या, 2.5 मिमी जाड भिंतीच्या नळीपेक्षा 25 मिमी व्यासाची, 2 मिमी भिंतीची नळी किंचित हलकी असूनही वाकण्याला सुमारे 15 टक्के जास्त टिकते. तीन किलोचा नीट आखलेला गार्ड सात किलोच्या बोजड गार्डपेक्षा सरस असू शकतो, शिवाय जादा वजन पुढच्या चाकावर रोज वाहावे लागत नाही.

त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे मार जातो कुठे. चांगला गार्ड स्वतः वाकतो आणि ऊर्जा गिळतो. न वाकणारा गार्ड ती सगळी आपल्या बोल्टांकडे, तिथून सांगाड्याकडे किंवा इंजिनाच्या कानांकडे (बोल्ट बसवायला बाहेर काढलेल्या भागांकडे) पाठवतो. वाकलेला गार्ड बदलता येतो. क्रँककेसचा ओतीव अॅल्युमिनियमचा कान तुटला तर इंजिन उतरवावे लागते आणि खर्च गार्डच्या कितीतरी पट होतो. म्हणून प्रत्येक बाजूला निदान दोन, मोठ्या गाडीला तीन ठिकाणी आधार हवा, आणि दोन्ही बाजू समोरून किंवा खालून आडव्या नळीने एकमेकींना जोडलेल्या असाव्यात. एकाच बोल्टवर लोंबणारा गार्ड पडताना त्या बोल्टभोवती फिरतो आणि नेमका इंजिनावरच येऊन बसतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे सगळ्या गाड्यांना चालणारे गार्ड याच कारणाने टाळावेत.

घेण्यापूर्वी एक तपासणी करावी, आणि ती फार थोडे लोक करतात. त्याच मॉडेलची गार्ड लावलेली गाडी दोघांनी धरून जुन्या टायरवर किंवा गादीवर अलगद आडवी करावी आणि काय काय टेकते ते पाहावे. हँडलचे टोक, गार्ड आणि फूटरेस्ट यांनी मिळून गाडी पेलली पाहिजे. इंजिन, टाकी आणि सायलेन्सर यांच्याखालून हात गेला पाहिजे. हँडल आणि गार्ड यांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर टाकीचा फुगवटा येत असेल तर तो गार्ड शोभेचा. पुढचा शॉकअप पूर्ण दाबला तरी चाक किंवा मडगार्ड नळीला लागता कामा नये, आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळले पाहिजे. ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट, स्पार्क प्लग यांपर्यंत पाना पोचतो का हे आपल्या मेकॅनिकला दाखवून घ्यावे, नाही तर प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड सोडवण्याची मजुरी पडते.

रुंदी : गार्ड हँडलच्या टोकांपेक्षा रुंद असू नये, हा साधा नियम. वळणात गाडी झुकवताना रुंद गार्ड फूटरेस्टच्या आधी रस्त्याला घासतो आणि चाकावरचा भार उचलतो, घाटात हे जिवावर बेतू शकते. गोव्यात रुंदीचा त्रास वेगाशिवायही होतो. रायबंदर–चोडण किंवा जुने गोवे–दिवाडी फेरीबोटीत दुचाक्या खेटून लावतात, तिथे बाहेर आलेली नळी शेजाऱ्याच्या नडगीला लागते आणि पुढचे संभाषण वेगळ्या वळणाला जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीच गत. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवर दिवसभर भाडी मारणाऱ्या पायलटाला अरुंद, एका कमानीचा गार्डच सोयीचा. भाड्याच्या गाडीवर, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे अक्षर असलेल्या गाडीवर, गार्ड असेल तर तो आधीच वाकला आहे का हे चावी घेतानाच बघून फोटो काढून ठेवावा. परत देताना त्याच वाकण्याचे पैसे मागितले जाण्याची शक्यता असते.

गंज : इथे निवडीचा खरा कस लागतो. पुण्यात पाच वर्षे टिकणारा गार्ड कळंगुट किंवा बोगमाळोला त्याच्या निम्म्या काळात तांबडा होऊ शकतो. हवेतले मीठ, सुमारे 3,000 मिमी पाऊस आणि वर्षभराची दमट हवा असा हा मामला आहे. साध्या पोलादावरचे पावडर कोटिंग जोवर अखंड तोवर ठीक. एक ओरखडा पडला की गंज कोटिंगच्या खालून पसरतो आणि वरून दिसेपर्यंत नळी पातळ झालेली असते. क्रोमचा मुलामा खारट हवेत बारीक टिपक्यांनी फुटतो. स्टेनलेस स्टील महाग, पण किनारपट्टीला तेच परवडते, अट एवढीच की ग्रेड विचारून घ्यावा. 202 ग्रेड स्वस्त असतो आणि समुद्राकाठी डागाळतो. 304 चांगला, आणि मॉलिब्डेनम हा धातू असलेला 316 मिठापुढे सगळ्यांत जास्त टिकतो. लोहचुंबक लावून ग्रेड ओळखण्याची युक्ती गॅरेजात सांगितली जाते, पण 202 आणि 304 दोन्ही चुंबकाला फारसे धरत नाहीत, आणि 304 सुद्धा वाकवलेल्या जागी थोडा चिकटतो. बिलावर ग्रेड लिहून मागणे हा जास्त खात्रीचा मार्ग.

नळी आतूनही गंजते. उघड्या टोकांतून पाणी आत जाते आणि खालच्या वळणात साचते. टोके पूर्ण वेल्ड केलेली असावीत, किंवा तळाला पाणी निघायला बारीक भोक असावे. रबरी बूच दोन पावसाळ्यांत सैल होते. पट्टीच्या खाली रबर घातले की सांगाड्याचा रंग राहतो असा समज आहे, पण त्याच रबराखाली खारट पाणी धरून राहते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास पट्टी सोडवून, पुसून, ग्रीस लावून परत आवळावी. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे तर गाडीलाही हवेच.

पर्याय म्हणून फोंडा, मडगाव, म्हापसा इथल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून गार्ड करून घेणारे पुष्कळ आहेत. गेट आणि ग्रिल करणाऱ्या कारागिराचा हात पक्का असतो. पण तो नळी वाकवताना आतून भिंत चेपू देतो का, आणि बोल्टाच्या कानाची पट्टी किती जाड घेतो, हे बघावे. गाडीवर गार्ड असतानाच वेल्डिंग करू देऊ नये. करायचेच असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, नाही तर इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग जळण्याचा धोका असतो.

बसवणे : गार्ड बऱ्याचदा इंजिनाच्याच बोल्टांवर बसतो. त्यासाठी मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घालावे लागतात. इंजिनाखाली जॅक लावून एका वेळी एकच बोल्ट काढावा, आणि नवीन बोल्ट मूळच्याच दर्जाचा असावा. त्याच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो. आधी सगळे बोल्ट हाताने लावून मगच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचे. गार्ड ओढून-ताणून बसत असेल तर परत द्यावा. ताणात बसवलेला गार्ड इंजिनाची थरथर वाढवतो आणि वेल्डिंगच्या जोडापाशी तडकतो. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा आणि विमा : वाहनांवरील अनधिकृत क्रॅश गार्ड व बुल बार यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले. त्याचा मुख्य रोख पादचाऱ्यांना धोकादायक ठरणाऱ्या मोटारगाड्यांच्या पुढच्या बारवर होता. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने त्याच मॉडेलसाठी विकलेला, बिलासह घेतलेला गार्ड या बाबतीत सर्वांत निर्धास्त, आणि वॉरंटीचा वादही त्यात उरत नाही. विमा उतरवताना जादा साहित्य म्हणून त्याची नोंद केली नसेल तर भरपाईत त्याची किंमत धरली जात नाही. गार्डवर अडकवलेले झगझगीत फॉग लाइट ही वेगळी भानगड. समोरच्याचे डोळे दिपवून चोर्ल्याच्या धुक्यात काहीच जास्त दिसत नाही.

पडल्यानंतर : गार्डने आपले काम केले की तो बहुधा संपलेला असतो. तापवून, ठोकून सरळ केलेली नळी पुढच्या वेळी त्याच जागी आधी वाकते. गाडी उचलल्यावर आधी बोल्टांच्या जागा, इंजिनाचे कान आणि सांगाड्याची पुढची नळी यांवर केसासारखी तडा आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहावे, मग हँडल सरळ आहे का ते. गार्डवर नुसता ओरखडा असेल आणि आकार शाबूत असेल, तर उघडे पडलेले पोलाद त्याच दिवशी रंगाने झाकावे. पावसात ते दुसऱ्या दिवशीच तांबूस दिसू लागते.