दव धरतं ते उघड्या आभाळाखाली

हिवाळ्यात रात्री उघड्यावर लावलेली स्कूटर सकाळी ओलीचिंब असते आणि आंब्याखाली लावलेली जवळजवळ कोरडी. झाडाने वरून पडणारं दव अडवलं, असं वाटणं साहजिक आहे. पण झाड अडवतं ते पाणी नव्हे, उष्णता.

सूर्य मावळला की पानं, पत्रे, माती अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. आभाळ निरभ्र असेल तर त्यातली फार थोडी परत येते. गवताचं पातं मग भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार पडतं आणि त्याला टेकलेल्या हवेतल्या बाष्पाचं तिथेच पाणी होतं. ढग किंवा झाडाचा पसारा वर असला, की तो स्वतःची उष्णता खाली पाठवतो आणि पातं तेवढं गार होत नाही. वाऱ्याच्या रात्रीही दव कमीच, कारण पानाला सतत नवी, उबदार हवा लागत राहते.

लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी हे फार सुंदर रीतीने पडताळलं. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके त्यांनी रात्री बाहेर ठेवले आणि नंतर पुन्हा तोलले. एक पुंजका मोकळ्या गवतावर, तर एक उभ्या मातीच्या नळकांड्यात, वरून पूर्ण उघडा. दव सरळ वरून पडत असतं तर दोन्ही सारखेच भिजायला हवे होते. नळकांड्यातला पुंजका कितीतरी कमी भिजला, कारण त्याला आकाशाचा लहानसा तुकडाच दिसत होता. त्यांचं पुस्तक १८१४ साली आलं आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिलं.

पानावरचा प्रत्येक थेंब मात्र दवाचा नसतो. गव्हाच्या कोवळ्या पात्याच्या टोकावर किंवा अळूच्या कडेला ओळीने उभे असलेले टपोरे थेंब मुळांनी ओढून वर चढवलेलं पाणी असतं.

हरभऱ्यावरचं दव तर आंबट लागतं! पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाझरतात. रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरायचं आणि पहाटे पिळायचं, की हरभऱ्याची आंब मिळते. अपचनावर ती पूर्वापार घेतली जाते.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला मात्र हेच दव नको असतं. केवडा या द्राक्षावरच्या रोगाच्या बुरशीला पानात शिरायला पाण्याचा पातळ थर लागतो, आणि तो काही तास टिकला तरी तिचं भागतं. म्हणून वेलीची दाटी विरळ करायची, आत हवा खेळू द्यायची, आणि सकाळी पानं किती वेळ ओली राहतात यावर नजर ठेवून फवारणी ठरवायची.