दरड कोसळल्यावर आधी कोण उगवतं?

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर आला, आंबेनळी घाटात ठिकठिकाणी दरडी पडल्या. माणसांची हानी मोजली गेली, मोजायलाच हवी होती. उतारावरच्या रानाचं पुढं काय झालं, हे बघायला मात्र फारसं कुणी वर चढत नाही.

सह्याद्रीत काळ्या कातळावर मुरूम आणि त्यावर माती, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. पावसाची झड लागली की पाणी झिरपत कातळापर्यंत जातं आणि तिथं अडतं. मातीतल्या पोकळ्या भरतात, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा थर झाडांसकट खाली येतो. मुळं माती धरून ठेवतात हे खरं, पण घसरण मुळांच्याही खालून सुरू झाली तर दाट रानालाही ती थोपवता येत नाही.

दुरून दरडीचा ओरखडा सगळीकडे सारखाच तांबडा दिसतो. जवळून तसं नसतं. माथ्याशी नुसता कातळ उरतो: माती गेली, तिच्यातलं बी गेलं, मुळांना पोषण पुरवणाऱ्या बुरश्याही गेल्या. शेवाळ, दगडफूल आणि भेगांतलं गवत यांच्याच भरवशावर तिथं वर्षानुवर्षं जातात. पायथ्याला मात्र सगळी लूट जमा झालेली असते. वरची कसदार माती, पालापाचोळा, मोडकी मुळं, बी. पुढच्या पावसात तिथं हिरवं दिसू लागतं, आडवे पडलेले काही बुंधेसुद्धा फुटतात.

इथं पहिला मान चांदाडा आणि खरगोल या झाडांचा. चांदाड्याचं पान ढालीसारखं, देठ कडेला नाही तर पानाच्या आत जोडलेला, त्यामुळे एकदा पाहिलं की विसरत नाही. दोघांनाही ऊन लागतं, वाढ झपाट्याची, आणि फळं पाखरांच्या आवडीची. म्हणूनच गाळात उभा राहिलेला एखादा वठलेला बुंधा फार कामाचा. बुलबुल त्यावर येऊन बसतात, विष्ठेतून बी टाकतात, आणि बुंध्याभोवती रोपांचं छोटं कडं तयार होतं.

खाली ओढ्यात गोष्ट वेगळी. पुरानं काठ खरवडला तरी शेरणीची झुडपं खडकांत रुतून असतात. पानं कण्हेरीसारखी चिंचोळी, फांद्या लवचीक. लोंढ्यात आडवी होतात, पाणी ओसरलं की पुन्हा उभी. वाळुंजाची मोडलेली फांदी ओल्या वाळूत रुजते, करंजाच्या शेंगा तरंगत जाऊन नवा काठ गाठतात. पूर यांचं नुकसान करतो आणि यांना जागाही तोच करून देतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी १९७८ मध्ये मांडलं की मध्यम प्रमाणात उलथापालथ होत राहिली तर विविधता सर्वाधिक राहते. उलथापालथ झालीच नाही तर मोजक्या बलदंड जाती बाकीच्यांना हटवतात, सतत झाली तर काहीच टिकत नाही. कल्पना सुरेख आहे, पुढं तिच्यावर टीकाही बरीच झाली. माझी अडचण साधी आहे. जातींची संख्या वाढली म्हणजे रान परतलं असं होत नाही. जुन्या रानात अंजनी, पिसा, जांभूळ ही झाडं होती, आता गवतं, चांदाडा आणि रानमोडीची झुडपं आहेत. यादी लांबली असेल, पण अंजनी-पिशाच्या रोपांना सावली आणि भुसभुशीत माती लागते, ती इतक्यात मिळत नाही. कंदीलपुष्पाच्या काही जाती तर सह्याद्रीतल्या मोजक्याच कड्यांवर आणि उतारांवर वाढतात. असा एखादा उतार खाली आला तर एका जातीचा मोठा हिस्सा एका रात्रीत जातो.

रानमोडीचं बी वाऱ्यावर येतं, म्हणून उघडी माती तिला लगेच सापडते. मूळची अमेरिकेकडची ही वनस्पती एकदा दाटली की खाली ऊनच पोचत नाही. गंमत म्हणजे हे काम त्या-त्या प्रदेशातल्या मूळच्या वनस्पतीही करतात. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या डोंगरांत दरडींवर नेच्यांची दाट जाळी पसरते. ती माती धरून ठेवते, आणि झाडांची रोपं मात्र तिच्याखाली कोंडली जातात.

घाटरस्त्याच्या कडेची दरड यापेक्षाही वेगळी. पावसाळ्याआधी जेसीबी येतो, सैल माती खरवडतो. पाऊस संपल्यावर गटार मोकळं करायला पुन्हा येतो. चांदाड्याचं गुडघाभर रोप त्या मातीबरोबर डंपरमध्ये जातं, आणि पुढच्या जूनमध्ये तिथं परत गवत आणि रानमोडीच उगवते.