सक्रिय वाचन आणि निबंधलेखन

मजकुराला प्रश्न विचारत, समासात टिपणे करत आणि लेखकाचे म्हणणे त्यानेच दिलेल्या पुराव्याशी ताडून पाहत केलेल्या वाचनास सक्रिय वाचन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये आढावा, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी अशा पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. त्यांपैकी कथन, म्हणजे पुस्तक मिटून वाचलेले आपल्या शब्दांत सांगणे, ही पायरी सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी होय.

मराठवाड्यात निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. आजही अनेक घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी येते. या विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा गाईड आणि झेरॉक्स नोट्स पडतात, मूळ ग्रंथ क्वचितच. हा दोष त्यांचा नव्हे.

दुष्काळावरील निबंध हे बोलके उदाहरण आहे. ‘पाऊस कमी, म्हणून दुष्काळ’ हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी दोन परिच्छेदांत थांबतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचताना ज्याने समासात ‘मग याच भागात ऊस कसा?’ असे लिहिले, त्याला पीकपद्धती, साखर कारखाने, भूजल आणि पाणीवाटप यांविषयी पुढे वाचावेच लागते, आणि पावसाची तूट व पाण्याची टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निबंधाचे प्रतिपाद्य त्या एका प्रश्नातूनच हाती येते.

मांडणीचा नमुना विद्यार्थ्यांनी गावातच ऐकलेला असतो. कीर्तनकार एक अभंग घेतो, चरणागणिक अर्थ उलगडतो, दृष्टांत देतो आणि प्रत्येक वेळी मूळ चरणाकडे परततो. निबंधातील परिच्छेदानेही तसेच प्रतिपाद्याकडे परतले पाहिजे. अवतरणे मोजकी व उगमासह द्यावीत. पहिला खर्डा झाल्यावर प्रास्ताविक पुन्हा लिहावे, कारण आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदापर्यंत आल्यावरच उमगते.