ताडपत्रीवरचं ऊन कोण खातं?

मृग जवळ आला की कोकणातल्या बाजारपेठांमध्ये निळ्या ताडपत्रीचे गठ्ठे दिसू लागतात. आगोटीच्या खरेदीत सुक्या मासळीच्या जोडीला ही ताडपत्री असतेच. पडवीला झड बांधायला हवी, लाकडं झाकायला हवी, बंदरात ओढून ठेवलेल्या होडीवर घालायला हवी. पूर्वी ही कामं नारळाच्या झापांवर भागायची. ‘प्लॅस्टिक पाचशे वर्षं जात नाही’ हा मेसेज पुढे ढकलणारा माणूसच दुसऱ्या उन्हाळ्यात ‘मेली हात लावीन तिथे फाटते’ म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत असतो. त्याचं दोन्ही वेळचं म्हणणं खरं आहे. प्लॅस्टिक कुजत नाही, पण उन्हाने तुटतं, आणि तुटून झालेला चुरा कुठेही जात नाही.

तुटतं कसं, ते शाळेतल्या रसायनशास्त्रावर समजतं. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांत दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० पुरतात. ताडपत्री ज्या पॉलिथिलीनची बनते ते शुद्ध असेल तर हे किरण फारसे शोषत नाही, पण बाजारातला प्लॅस्टिकचा दाणा शुद्ध कुठे असतो? कारखान्यात तापवताना त्यात ऑक्सिजन शिरतो, उत्प्रेरकाचे अंश उरतात. तिथे किरण शोषले जातात, मुक्तमूलक म्हणजे बंध तुटल्याने जोडीदार शोधणारे रेणूंचे तुकडे तयार होतात, ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि एकातून दुसरी अशी साखळी सुरू होते. लांबलचक रेणू आखूड होत जातात. मग ताडपत्री हातात घेतली की पांढरट भुकटी बोटांना लागते.

म्हणून दाण्यात संरक्षक मिसळावा लागतो. सर्वांत स्वस्त संरक्षक म्हणजे काजळी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि बागेतले ठिबकचे पाइप काळे असतात, ते दृष्ट लागू नये म्हणून नव्हे. दोन-अडीच टक्के बारीक काजळीने पॉलिथिलीन वर्षानुवर्षं उन्हात तगतं. पण सगळंच काळं करून चालत नाही. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर काळा कसा करणार? तिथे येतात बेंझोट्रायाझोल कुळातले रेणू. माझा जीव खरा यांच्यावर आहे.

या रेणूचे दोन भाग असतात. एका बाजूला फिनॉलचं कडं, त्यावर ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन. दुसऱ्या बाजूला तीन नायट्रोजन असलेलं कडं. रचना अशी की तो हायड्रोजन समोरच्या नायट्रोजनकडे तोंड करून बसलेला असतो. अतिनील किरण शोषला गेला की इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते. ऑक्सिजनला त्या हायड्रोजनचा प्रोटॉन नकोसा होतो, नायट्रोजनला हवासा. प्रोटॉन पलीकडे उडी मारतो. एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्याही दहाव्या हिश्शात ही उडी संपते. नव्या मांडणीत उत्तेजित आणि मूळ अवस्थांमधलं अंतर फार कमी असतं, त्यामुळे रेणू झटकन खाली उतरतो आणि सगळी ऊर्जा कंपनांत, म्हणजे उष्णतेत जिरते. मग प्रोटॉन मूळ जागी परततो. खाडीतली होडी पैलतीराला उतारू सोडून रिकामी परत यावी, तसा रेणू पुढच्या किरणासाठी पुन्हा तयार. हा वेग नुसता नवलाचा नाही. रेणू उत्तेजित अवस्थेत रेंगाळला असता, तर तो ट्रिपलेट नावाच्या, जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत शिरला असता आणि ऑक्सिजनशी भलत्या भानगडी करून स्वतःच संपला असता. त्याला तेवढी उसंतच मिळत नाही.

एक मर्यादा आहे. थर जितका पातळ तितकं शोषण कमी, म्हणून पातळ ताडपत्रीत या रेणूंपेक्षा मुक्तमूलकांना पकडणारी अमाईन जातीची संयुगं जास्त कामाला येतात. तो विषय वेगळा.

याच कुळातला एक रेणू म्हणजे यूव्ही-३२८. तो प्लॅस्टिकमध्ये नीट मिसळावा आणि उडून जाऊ नये म्हणून त्याला दोन बोजड हायड्रोकार्बन गट जोडलेले आहेत. पण तो प्लॅस्टिकला बांधलेला नसतो, नुसता मिसळलेला असतो, त्यामुळे हळूहळू बाहेर झिरपतो. मग ज्या गुणांसाठी त्याला घेतलं तेच अंगावर येतात. तो सहज मोडत नाही. त्याला पाण्यापेक्षा चरबी प्यारी. जपानी संशोधकांनी २०२० साली समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांना अशी संयुगं मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणे खाऊ घातले, तेव्हा यूव्ही-३२८ सकट ती त्यांच्या यकृतात आणि चरबीत सापडली.

मे २०२३ मध्ये हा रेणू स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे सहज न मोडणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेला. डीडीटी ज्या यादीत आहे तीच ही. तोवरच्या नोंदींमध्ये क्लोरीन, ब्रोमीन किंवा फ्लोरीन हमखास असे. यूव्ही-३२८ मध्ये यातलं काहीच नाही, तरी तो आत गेला. तरंगत्या प्लॅस्टिकवर बसून तो दूरवर पोचतो, हा युक्तिवाद तिथे मान्य झाला. मोटारी, रक्त गोळा करण्याच्या काही नळ्या, स्क्रीनमधली पोलरायझर फिल्म अशांना मुदतीच्या सवलती मिळाल्या.

भारत कराराचा सदस्य आहे, पण नवी नोंद आपल्याला आपोआप लागू होत नाही. ती वेगळी मान्य करावी लागते. तरीही युरोपला माल पाठवणाऱ्याची सुटका नाही, मग कारखाना लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत असो की महाडच्या. तिथल्या ‘रीच’ या रसायनांविषयीच्या कायद्याने २०१४ मध्येच हा रेणू चिंताजनक ठरवला आणि नोव्हेंबर २०२३ नंतर परवानगीशिवाय त्याचा वापर बंद केला. वस्तूत असा पदार्थ वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असला, तर पुढच्या खरेदीदाराला तसं कळवावं लागतं. म्हणजे मास्टरबॅच, अर्थात प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे रंग-संरक्षकांचे दाट दाणे, विकणाऱ्याला आपल्या दाण्यात नेमकं काय आहे, हे आता कागदावर द्यावं लागतं. ‘आमचा फॉर्म्युला गुप्त’ एवढ्यावर भागत नाही. सख्खा भाऊ शोधून पळवाट काढावी, तर यूव्ही-३२०, ३२७, ३५० हेही त्याच चिंताजनक यादीत आहेत, आणि २०२४ मध्ये ३२६ आणि ३२९ यांची भर पडली.

यात ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या ऑक्सो-डिग्रेडेबल पिशव्यांची गंमत बघा. त्यांत धातूंचे क्षार घालून प्लॅस्टिकचे मुद्दाम लवकर तुकडे पाडतात. उन्हाने ताडपत्रीचं जे होतं तेच तिथे पैसे देऊन करून घ्यायचं! युरोपने त्या २०२१ पासून बंद केल्या. आणि नव्या होडीला लिंबू-मिरची बांधायला न विसरणारे आपण, तिच्या दोरात काय मिसळलंय हे विचारत नाही.

विचारून उत्तर मिळेलच असंही नाही. युरोपातल्या साध्या गिऱ्हाइकाने चौकशी केली, तर त्या यादीतल्या पदार्थांबद्दल विक्रेत्याने ४५ दिवसांत फुकट माहिती द्यायची असते. आपल्याकडच्या गठ्ठ्यावर ‘यूव्ही ट्रीटेड’ एवढंच छापलेलं असतं. तोवर घेताना दर चौरस मीटरचं वजन, म्हणजे जीएसएम, विचारून जाड ताडपत्री घ्यावी, पाऊस सरला की उन्हातून उतरवून घडी करावी, आणि पांढरी भुकटी सुटू लागली की अख्खी आहे तोवर कचऱ्यात द्यावी. न्हाणीच्या चुलीत मात्र घालू नये.