कर्नलचं गाठोडं

भाच्याने परवा एक व्हिडिओ पाठवला: ‘कस्टम कर्नल टाका, दहा वर्षं जुना लॅपटॉप रॉकेट होईल!’ मी कळवलं, बाबा रे, चार जीबी रॅममध्ये तू ब्राउझरचे चाळीस टॅब उघडतोस, त्याला कर्नल काय करणार? तरी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि वेगळ्याच कारणाने चिडलो. त्या गृहस्थांनी कर्नल कंपाइल केला, म्हणजे कोडपासून मशीनला चालणारी फाइल बनवली, ‘सुडो मेक इन्स्टॉल’ ही बसवायची आज्ञा दिली, मशीन रीस्टार्ट केलं, संपलं. उद्या तो काढायचा झाला तर कसा काढायचा, याबद्दल अवाक्षर नाही.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला केव्हा, डिस्कवर काय कुठे लिहायचं, हे सगळं तो ठरवतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला कोड, आज तीन कोटी ओळींच्या वर गेलाय. तो कंपाइल केला की एक मोठी फाइल मिळते, ती बूट फोल्डरमध्ये जाते. शिवाय हजारो छोटे मॉड्यूल मिळतात, म्हणजे वायफाय, पेन ड्राइव्ह, प्रिंटर यांचे ड्रायव्हर. ते लिब-मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरमध्ये जातात. ‘मेक इन्स्टॉल’च्या वाटेने गेलात तर हे सगळं डिस्कवर पसरतं खरं, पण सिस्टिमच्या वहीत त्याची नोंद होत नाही, त्यामुळे काढताना काय-काय काढायचं ते तिला कळत नाही. म्हणून गाठोडं बांधायचं.

डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या तयार प्रकारांवर या गाठोड्याला डेब पॅकेज म्हणतात. आत काय असतं ते एकदा सोडून बघा, मजा येते. बाहेरचं वेष्टन म्हणजे ‘एआर’ नावाचा युनिक्सचा जुनापुराणा डबा, आणि त्यात तीनच वस्तू. पहिल्या फाइलमध्ये ‘२.०’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे डब्याच्या स्वरूपाची आवृत्ती. दुसऱ्या वस्तूत पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि बसवताना-काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट. तिसऱ्यात खरा माल. पूर्वी हे बांधायला मनोज श्रीवास्तव यांचं ‘मेक-केपीकेजी’ वापरायचे. आता कर्नलच्या सोर्समध्येच त्याची सोय आहे: ‘मेक बाइनडेब-पीकेजी’. त्यामागची ‘बिल्डडेब’ स्क्रिप्ट मूळ २००३ सालची, विखर्ट अक्करमन यांची.

आता माझा आवडता भाग. साधं पॅकेज अपडेट झालं की नवं येतं आणि जुनं जातं. फायरफॉक्सला ते चालतं. कर्नलला चालत नाही, कारण नवा कर्नल बूटच झाला नाही तर परत यायला जुना हवा. यावरची युक्ती इतकी साधी आहे की लक्षातच येत नाही: आवृत्ती पॅकेजच्या नावातच घालायची. ‘लिनक्स-इमेज-६.१.५५-घर’ आणि ‘लिनक्स-इमेज-६.१.५६-घर’ ही पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी दोन वेगळी पॅकेजं, एका गावातल्या दोन वेगळ्या आडनावांसारखी. दोघं शेजारी नांदतात. बूट फोल्डरमधली फाइल, मॉड्यूलचा फोल्डर, चालू कर्नलचं नाव सांगणाऱ्या ‘यूनेम’ या आज्ञेला मिळणारं उत्तर, सगळीकडे हीच अक्षरं. त्यातलं शेवटचं ‘-घर’ म्हणजे लोकलव्हर्जन. ते आपण द्यायचं असतं.

मी ते एकदा विसरलो. त्यात सोर्सच्या आवृत्तीचा आकडाही तोच होता, फक्त प्रीएम्प्शनची, म्हणजे चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देण्याची, एक सेटिंग बदलली होती. नवं पॅकेज जुन्याच नावाने आलं आणि चालू कर्नलच्या पायाखालची सतरंजी ओढून घेतली. मेमरीत जुना कर्नल, डिस्कवर नवे मॉड्यूल. दहा मिनिटांनी पेन ड्राइव्ह लावला तर मशीन ओळखच देईना. लॉगमध्ये तक्रार: ‘व्हर्जन मॅजिक’ जुळत नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक ओळ कोरलेली असते: कर्नलचं नाव, एकाहून जास्त प्रोसेसर चालतात का, प्रीएम्प्शन आहे का, वगैरे. कर्नल ती स्वतःच्या ओळीशी ताडून पाहतो. याहून कडक तपासणीही असते. ‘मॉडव्हर्जन्स’ चालू असेल तर कर्नलने बाहेर दिलेल्या प्रत्येक फंक्शनची घोषणा, त्यात वापरलेल्या स्ट्रक्चरच्या (माहितीच्या ठरलेल्या मांडणीच्या) व्याख्यांसकट उलगडून, तिचा ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढतात. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधेच एक इंटीजर (पूर्णांकाचा रकाना) वाढला तरी आकडा बदलतो आणि मॉड्यूलला दारातूनच परत पाठवलं जातं. बरंच आहे ते. आत घेतलं असतं तर त्याने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं असतं.

आमच्या ऑफिसात एक मशीन आहे. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ म्हणून कित्येक वर्षं त्याचा कर्नल बदललेला नाही, खंडेनवमीला झेंडू मात्र न चुकता वाहतात. झेंडूबद्दल तक्रार नाही. सुरक्षेच्या त्रुटी झेंडूने बुजतात अशी समजूत मात्र नको.

त्या फजितीनंतर मी तीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. चालू कर्नलची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची यादी, ती उचलते आणि नव्या प्रश्नांना ठरावीक उत्तरं देते. डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटूसारख्या तयार लिनक्सच्या, कॉन्फिगमध्ये त्यांच्या प्रमाणपत्रांच्या फाइलचा पत्ता असतो, ती आपल्याकडे नसते आणि बिल्ड तिथेच अडतो, म्हणून तो पत्ता पुसते. चुका शोधायला लागणारी डीबग माहिती बंद करते, नाहीतर डिस्क भरते. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, कमिट न केलेला (न नोंदवलेला) बदल दिसला तर थांबते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: होणारं नाव आधी विचारून घेते, ते चालू कर्नलच्या नावासारखंच निघालं तर पुढे जायला साफ नकार देते.

एक गोष्ट गाठोड्यात मुद्दाम घालायची नसते: इनिट-रॅम-एफएस. डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेला, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून बूट होताना आधी मेमरीत उघडणारी एक छोटी पिशवी लागते. डिस्कची मांडणी, एन्क्रिप्शन प्रत्येक मशीनचं निराळं, म्हणून ही पिशवी पॅकेज बसवल्यावर तिथल्या तिथे शिवली जाते. त्यानंतर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत नवं नाव चढतं.

स्क्रिप्ट भाच्याला पाठवली. रात्री साडेअकराला त्याचा फोन: ‘मामा, बॅड शिम सिग्नेचर म्हणतोय.’ सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय, चालू; आणि आमच्या कर्नलवर सही नाही. म्हटलं, मेनूत खाली जा, जुना निवड. दोन मिनिटांत लॅपटॉप सुरू झाला. सहीचं काम रविवारी बघू, म्हणालो, आणि तोवर टॅब कमी कर.