शाय (इंग्रजी शब्द)

शाय हे इंग्रजीतील विशेषण असून, अनोळखी माणसांसमोर किंवा चारचौघांत अवघडणाऱ्या, चटकन पुढे न होणाऱ्या व्यक्तीच्या स्वभावासाठी, तसेच तशा प्रसंगापुरत्या मनःस्थितीसाठीही ते वापरतात. 'शायनेस' हे त्याचे भाववाचक नाम आणि 'शायली' हे क्रियाविशेषण होय. मराठीत त्यासाठी सहसा 'लाजाळू' हा प्रतिशब्द दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु शब्दाचा उगम आणि त्याचे आजचे निरनिराळे वापर पाहिले, तर 'बुजरा' हा शब्द त्याच्या अधिक जवळचा ठरतो, आणि हे ध्यानात न घेतल्यास पुष्कळ इंग्रजी वाक्यांचा अर्थ हातून निसटतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'शेओख' असे होते व त्याचा अर्थ भित्रा, सहज दचकणारा असा होता. जर्मन भाषेतील 'शॉय' हा त्याचा सगोत्र शब्द असून डचमध्येही याच मुळाचा शब्द आहे. हेच जर्मानिक मूळ जुन्या फ्रेंचमध्ये गेले आणि तेथून 'टाळणे, वर्ज्य करणे' या अर्थाच्या 'एस्च्यू' या क्रियापदाच्या रूपाने इंग्रजीत परत आले. म्हणजे शब्दाच्या मुळाशी लाज नाही, दचकून दूर सरणे आहे. वाटेत अनपेक्षित काही दिसताच किंवा आवाज होताच घोडा अंग चोरून एकदम बाजूला होतो, त्या क्रियेला इंग्रजीत आजही 'शाय' हेच क्रियापद लावतात. मराठीत त्याच प्रसंगी घोडा 'बुजला' असे म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर न येणाऱ्या मुलाला 'बुजरे' म्हणतात. जनावराच्या बिचकण्यावरून माणसाच्या स्वभावाला नाव देण्याची ही वाट दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे शोधली आहे. साम्य येथेच थांबत नाही. पिकावरची पाखरे उडवण्यासाठी शेतात उभे करतात ते मराठीत 'बुजगावणे' आणि जर्मनमध्ये 'फोगेलशॉइशे', अर्थात पाखरांना बुजवणारे. या दुसऱ्या शब्दात 'शॉय'चेच मूळ दडलेले आहे.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, माणसाच्या व प्राण्यांच्या भावनाभिव्यक्तीवरील ग्रंथात या नात्याची दखल घेतली आहे. अनेक भाषांतील व्युत्पत्तीवरून बुजरेपणाचे भीतीशी निकटचे नाते दिसते, तरी तो नेहमीच्या अर्थाने भीती नव्हे, असे त्यांनी नोंदवले. अशा माणसाला अनोळखी लोकांच्या नजरेची धास्ती वाटते, पण तो त्या लोकांना घाबरतो असे म्हणता येत नाही. रणांगणावर शूर असणारा माणूसही परक्यांपुढे क्षुल्लक गोष्टींत आत्मविश्वास गमावून बसू शकतो, हे त्यांचे निरीक्षण आजही या शब्दाची सर्वांत नेमकी उकल वाटते.

मराठी भाषकाची अडचण अशी की 'लाज' या एकाच शब्दात अनेक भाव सामावले आहेत. चूक उघडी पडल्यावर वाटते ती लाज, कौतुक झाल्यावर गाल लाल करते ती लाज, अंग झाकायला लावते ती लाज, आणि नव्या माणसाशी बोलताना जीभ अडखळवते तीही लाजच. इंग्रजीत यांचे निराळे शब्द आहेत. अपराधाची किंवा कमीपणाची लाज वाटत असेल तर 'अशेम्ड', चारचौघांत फजिती झाल्याने ओशाळे वाटत असेल तर 'एम्बॅरस्ड', आणि बोलायला, समोर यायला मन कचरत असेल तरच 'शाय'. त्यामुळे 'मला माझ्या वागण्याची लाज वाटते' या वाक्याच्या भाषांतरात 'शाय' घातल्यास पश्चात्तापाऐवजी बुजरेपणा व्यक्त होतो. उलट दिशेनेही सावध राहावे लागते. 'डोन्ट बी शाय' याचे भाषांतर 'लाजू नका' असे सरसकट करण्यापेक्षा, पाहुण्याला किंवा श्रोत्याला उद्देशून असेल तेव्हा 'संकोच करू नका' असे करणे योग्य. 'भिडस्त' या मराठी शब्दाला मात्र इंग्रजीत नेमकी जोड नाही. भिडस्त माणसाला बोलता येत नाही असे नसते. समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून त्याच्या तोंडून नकार निघत नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण 'शाय' माणसाविषयी नाही.

वाक्यरचनेत या शब्दापुढे येणाऱ्या शब्दयोगी अव्ययाने अर्थ बदलतो. कोणाशी वागताना बुजरेपणा येतो हे सांगायचे तर 'विथ', कशाविषयी संकोच वाटतो हे सांगायचे तर 'अबाउट'. 'शाय ऑफ' या जोडीचे मात्र दोन अर्थ होतात: एक, एखादी गोष्ट करण्यास कचरणारा, आणि दुसरा, ठरावीक संख्येला किंवा मर्यादेला थोडा कमी पडणारा. क्रिकेटच्या वृत्तांतात फलंदाज शतकापासून दोन धावा 'शाय' होता असे येते, तेव्हा त्याच्या स्वभावाबद्दल काहीही म्हटलेले नसून त्याच्या अठ्ठ्याण्णव धावा झाल्या एवढाच अर्थ असतो. 'शाय अवे फ्रॉम' म्हणजे अंग काढून घेणे, टाळणे; यात घोड्याचे बाजूला होणे अजून स्पष्ट दिसते. 'वन्स बिटन, ट्वाइस शाय' या म्हणीत तर लाजेचा मागमूस नाही. तेथे अनुभवाने आलेला सावधपणा आहे, आणि 'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात' ही आपली म्हण तिला चपखल बसते.

समासाच्या उत्तरपदी हा शब्द आला की त्या गोष्टीपासून दूर राहणारा असा अर्थ होतो. 'कॅमेरा-शाय' म्हणजे छायाचित्र काढून घेण्यास नाखूश. 'गन-शाय' हे आधी बंदुकीच्या आवाजाने बिचकणाऱ्या शिकारी कुत्र्याला म्हणत आणि आता पूर्वीच्या वाईट अनुभवामुळे कचरणाऱ्या माणसालाही म्हणतात. 'वर्क-शाय' म्हणजे कामचुकार. येथे सहानुभूती संपून दूषण सुरू होते. बागकामाच्या भाषेत, ज्या झाडाला फुले किंवा फळे बेताचीच धरतात त्यालाही 'शाय' म्हणतात.

जवळच्या शब्दांपैकी 'डिफिडन्ट' हा लॅटिनमधील विश्वास या अर्थाच्या धातूला नकारार्थी उपसर्ग लागून झाला आहे. आधी तो इतरांवर विश्वास न ठेवणारा या अर्थी होता. पुढे अविश्वासाचा रोख स्वतःकडे वळला आणि आज तो स्वतःच्या कुवतीविषयी साशंक असणाऱ्याला लावतात. 'कॉय' हा 'क्वाएट' या शब्दाचा फ्रेंचमार्गे आलेला भाऊ. तो मुळात शांत या अर्थाचा होता, पण आता त्यात लटक्या लाजेची छटा आहे, आणि राजकारणी आपले बेत सांगायचे टाळतो तेव्हाही वार्ताहर हाच शब्द वापरतात. खऱ्या बुजऱ्या मुलाला 'कॉय' म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. 'शेमफेस्ड' या शब्दाची कथा विलक्षण आहे: त्याचे जुने रूप लज्जेत घट्ट रुतलेला अशा अर्थाचे होते, पण उत्तरपदातील 'फास्ट' या शब्दाचा तो जुना अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला आणि तेथे चेहरा या अर्थाचा 'फेस' येऊन बसला. 'टिमिड' यात सरळ भीती आहे, तर 'मॉडेस्ट' या शब्दात भीतीचा अंशही नाही. तो मर्यादशील माणसाचा गुण आहे.

विसाव्या शतकात हा रोजच्या बोलण्यातला शब्द मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांच्या १९७० च्या दशकातील पाहण्यांत सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला 'शाय' म्हणवून घेतले. जेरोम केगन यांनी लहान मुलांचा अभ्यास करून, अपरिचित वस्तू व व्यक्तींपासून मागे सरण्याची प्रवृत्ती काही मुलांत अगदी लहानपणापासून दिसते, हे दाखवले. अंतर्मुखता ही याहून वेगळी आहे. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये विशद केलेल्या या कल्पनेतील माणूस एकांतात रमतो. बुजऱ्या माणसाला मात्र पुष्कळदा लोकांत मिसळावेसे वाटते आणि मिसळता येत नाही. लोकांच्या नजरेची भीती इतकी वाढली की शिक्षण, नोकरी किंवा नातीच अडून राहतात, तेव्हा तिला वैद्यकीय विकार मानतात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली त्याचा 'सोशल फोबिया' या नावाने समावेश झाला. 'शाय' हे त्या विकाराचे नाव नव्हे, आणि शाळेतील एखादे मूल केवळ अबोल आहे म्हणून त्याला ते निदान चिकटवणे गैर आहे.

इंग्रजीत फेकणे या अर्थाचे 'शाय' असे आणखी एक क्रियापद आहे. जत्रेत चेंडू फेकून नारळ पाडण्याच्या खेळाला 'कोकोनट शाय' म्हणतात, ते या क्रियापदावरून. कोशांत त्याची नोंद स्वतंत्रपणे केलेली असते.